गल्ली गप्प बसली तो उन्हाळा

२६ एप्रिल १९५९. सकाळपासून मागासाठी सुताच्या कांड्या भरते आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे, इतवारीतल्या दुकानदाराला लुगडी लवकर हवी आहेत, आणि उन्हाने सूत इतकं कोरडं झालं आहे की रहाट जरा जोरात फिरवला की तुटतं. शेजारी पाण्याची वाटी ठेवली आहे. बोट ओलं करायचं, सूत जोडायचं, पुन्हा फिरवायचं. हे काम हातांचं आहे. डोकं मोकळं राहतं, आणि मोकळं राहिलं की नको तिथे जातं.

आज ते तिथे गेलं त्याला कारण शेजारच्या यशोदाबाईंची नवी सून. विरजण मागायला आली होती. आतल्या खोलीत माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ऊन पार अंगणात उतरलेलं, पलीकडे माझ्या नवऱ्याचा माग चालू, ठोक्यागणिक फळीवरची भांडी किणकिणत होती. पोरीने आत डोकावलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"काकू, बरं नाई का त्यायले?"

"बरे हायत. रातपाळीहून आले."

"इतल्या आवाजात झोप येते?"

"येते."

"माह्या बापाले तर मांजर चाललं तरी जाग येते," असं म्हणून ती विरजण घेऊन गेली. तिच्या विचारण्यात काही वाकडं नव्हतं. तरी मी मान वर केली नाही, आणि ती गेल्यावर कान तापलेले कळले. दिवसा झोपलेल्या माणसाबद्दल कोणी काही विचारलं की माझं अजून असं होतं. ज्या उन्हाळ्यापासून हे सुरू झालं त्याला आता आठ वर्षं झाली असतील.

मी मूळची उमरेडची. माहेर कोष्ट्याचं, सासरही कोष्ट्याचं. आमच्या घरी तान्ह्या पोराची झोळी मागाच्या वरच्या बल्लीला बांधत. बाप विणायचा, ठोक्याने झोळी हलायची, पोर झोपायचं. झोका द्यायला वेगळं माणूस अडकवावं लागत नसे. सासरीही तीच रीत होती, हे मला पुढे एका वेगळ्याच कारणाने कळलं.

लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा या घरात दोन माग होते, जमिनीत खड्डे करून बसवलेले, आणि दोन भाऊ. धाकटे, म्हणजे माझे यजमान, सदाशिव. अंधार असतानाच त्यांचे डोळे उघडायचे. कोणी उठवावं लागत नसे, कोंबडा लागत नसे. गल्लीत पहिला ठोका पडायचा तो आमच्या घरातून. जेवणवेळेपर्यंत त्यांचं दिवसाचं बहुतेक विणून झालेलं असे. मात्र दिवेलागण झाली की हा माणूस संपला. ताटावर बसल्या बसल्या पेंगायचे; एकदा वरणाच्या वाटीत बोटं बुडवून तसेच झोपले होते.

थोरले गोविंदराव याच्या अगदी उलट. त्यांची बायको लग्नानंतर लवकरच तापाने गेली, पुन्हा लग्न केलं नाही. सकाळी हाका मारून मारून घर थकायचं तेव्हा ते उठायचे. उठल्यावरही तासभर नुसते ओट्यावर बसून राहायचे, कोणी बोललं तर उत्तर नाही. दुपार कलली की अंगात जीव यायचा. संध्याकाळी तोंडातून गाणं निघायचं. आणि गल्ली निजल्यावर, कंदिलाच्या उजेडात, ते जे काम करायचे ते या भागात थोड्यांनाच येत होतं. करवतकाठी. काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, तीन धोटे, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या कांड्यांच्या नळ्या, हाताने फिरवून काढायची. दिवसाढवळ्या चांगल्या चांगल्यांचं बोट चुकतं. गोविंदरावांचं कंदिलाला चुकत नसे.

पण घरात मान कोणाला, तर सकाळी उठणाऱ्याला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलायच्या, "देवानं मले दोन पोट्टे देल्ले. एक कोंबडा आन् एक घुबड." हसू व्हायचं. गोविंदराव ओट्यावरून ऐकायचे आणि चहा मागायचे.

मीही हसायचे. मीही पहाटे उठणारी, माझ्या माहेरी सगळेच तसे. त्यामुळे मला वाटायचं की आम्ही काहीतरी कमावलेलं आहे. आता वाटतं, त्यात कमावलेलं काय होतं? कोणाला उंची मिळते, कोणाला काळा रंग मिळतो, तशी मला पहाट मिळाली होती. ती मिळाली म्हणून शहाणी म्हणवून घेतलं, आणि ज्याला संध्याकाळ मिळाली त्याला आळशी म्हटलं. एवढा हिशेब सरळ आहे, पण तो सुचायला घरात गिरणीचा भोंगा शिरावा लागला.

सुताची टंचाई होती तेव्हाची गोष्ट. दोन मागांना पुरेल इतकं सूत मिळेना. एक माग बंद ठेवायचा आणि एकाने गिरणीत जायचं असं ठरलं. कोणी जायचं हे ठरवावंच लागलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "गोविंदाले कोन ठेवीन गिरनीत? भोंग्याले हा उठते का?" चांगला मुलगा गिरणीत गेला. माझ्या नवऱ्याच्या मागावर अर्धा राहिलेला ताणा, म्हणजे उभं सूत, तसाच ताणलेला ठेवून त्याच्यावर जुनं धोतर पांघरलं.

गिरणीतल्या विणकामाच्या खात्याला साळखातं म्हणतात. सुरुवातीचे महिने यांना सकाळची पाळी मिळाली आणि सगळं उत्तम चाललं. जॉबर, म्हणजे खात्यात माणसं घेणारा-काढणारा, खूश होता. मग होळी झाली, ऊन वाढलं, गावाकडचे कामगार लग्नकार्यांना निघून गेले आणि तिसऱ्या पाळीला, म्हणजे रातपाळीला, माणसं कमी पडू लागली. जॉबरने सांगितलं, हा उन्हाळा जो तिसरी पाळी नीट काढील त्याला पावसाळ्याआधी कायम करीन. यांनी लगेच हो म्हटलं. कायम झालं की सुताच्या भावाकडे बघायचं कारण उरणार नव्हतं. आमचं सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात रात्री घरात कोणी झोपत नाही. आमच्या गल्लीत खाटा, बाजा बाहेर काढतात, ओळीने लावतात, मधे एक माणूस जाईल इतकी वाट ठेवतात. पाणी शिंपडलेल्या मातीचा वास येत असतो, कडुनिंबाचा मोहोर चादरीवर पडत असतो, पडल्या पडल्या गप्पा चाललेल्या असतात. हे त्या वाटेने डबा घेऊन जायचे. कोणी तरी हमखास विचारायचं, "चालले का गा सदाभाऊ?" विचारणारा उशी पालथी करून त्याच्या गार बाजूवर गाल टेकायचा. हे "हौ" म्हणून पुढे जायचे. चालताना यांचा खांदा एका अंगाला कललेला असायचा, कारण नुकतंच मी त्यांना हलवून हलवून उठवलेलं असायचं.

तिथे काय व्हायचं ते मला नंतर कळलं. रात्रीचा पहिला भाग ओढून नेत. मधल्या रात्री साच्यापुढे, म्हणजे गिरणीतल्या यंत्रमागापुढे, उभ्या उभ्या डोळे मिटायचे. मग पहाट जवळ आली, म्हणजे यांची रोजची उठायची वेळ झाली, की डोकं आपोआप लख्ख व्हायचं. पाळी सुटायची तेव्हा हे सगळ्यांत ताजे. बाकीचे कामगार घरी येऊन भाकर खाऊन आडवे झाले की दुपारपर्यंत हलायचे नाहीत. हे आडवे व्हायचे आणि कौलं मोजायचे. शरीर म्हणत होतं, ही विणायची वेळ आहे. आम्ही म्हणत होतो, झोप.

चार-आठ दिवस गेले आणि घराने उपाय सुरू केले. पहिला उपाय शांतता. गोविंदरावांनी दिवसाचा माग बंद केला. आत्याबाईंनी कांडण, दळण उजाडायच्या आत उरकायला घेतलं. मी भांडी अंगणाच्या टोकाला नेऊन, राख लावून, आवाज न करता घासायचे. तेवढ्याने झोप येईना, तेव्हा आत्याबाई पदर खोचून घरोघर गेल्या. "माह्या पोराची रातपाळी हाय, जरा दुपारपर्यंत हळू घ्या." गल्लीतली माणसं भली. डाव्या हाताचे दोन माग थांबले, उजव्या हाताचे थांबले, समोरच्यांनी संध्याकाळवर ढकललं. लग्नसराईत, जेव्हा प्रत्येक घराला एकेक लुगडं महत्त्वाचं, तेव्हा एका माणसासाठी सगळी गल्ली गप्प बसली.

मला ती शांतता अजून आठवते. कावळे चोची वासून पत्र्यावर बसलेले, नळाचं थेंब थेंब पाणी, लांबून बर्फवाल्याची घंटा, बस. कोष्ट्याच्या गल्लीत दिवसा असं फक्त कोणी मेलं की होतं. नळावर गेले की बायका विचारायच्या, "लागली का वं झोप?" मी म्हणायचे, "लागली." आणि आत हे ओल्या चादरीखाली डोळे उघडे ठेवून पडलेले असायचे, पायाचा अंगठा हलवत. जागे असले की यांचा अंगठा हलतो. तेवढ्याशा अंगठ्याची मला इतकी लाज वाटायची की मी त्याच्यावर चादर ओढून घालायचे.

मग तळपायांना काशाच्या वाटीने तूप चोळलं. डोक्याला ब्राह्मीचं तेल झालं. खसखशीची खीर झाली. ती खाऊन संध्याकाळी आणखी पेंगले. आत्याबाईंनी दृष्ट काढली. यशोदाबाई म्हणाल्या, "कोनाचा तरी डोया लागला असन, येवढा गुनी पोरगा." कोणाचा लागणार? गल्लीतल्या प्रत्येकाचं काम आमच्यामुळे अडलं होतं. आमच्याकडे बघायचंच झालं तर वाईट नजरेने बघायचा हक्क सगळ्यांना होता, आणि कोणी बघत नव्हतं. त्यानेच जास्त मेल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी पलीकडच्या घरात नवा भाडेकरू आला. त्याला काही माहीत नव्हतं. सकाळीच त्याने माग सुरू केला. मी धावत सांगायला निघाले, जाता जाता आत बघितलं, तर यांचा अंगठा थांबलेला. तोंड उघडं, घोरणं चालू. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

मी दारातच उभी राहिले. हाही मागाच्या बल्लीला झोळी बांधूनच वाढवलेला असणार. त्याला आम्ही ठोका बंद करून झोपवायला निघालो होतो. आत्याबाईंना सांगितलं तर त्या मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "मीच तं बांधत होती झोळी. मले कसं सुचलं नाई?" मग पुन्हा पदर खोचून घरोघर जायचं आलं, "सुरू करा बाप्पा, त्याले आवाजच लागते" म्हणून सांगायला. या वेळी गल्ली हसली. हसण्यासारखंच होतं. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "आता तुह्या सदाले झोळी पन बांधतं का वं?" आत्याबाई त्याच्यावर खेकसल्या, पण घरी येऊन त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आणि एवढं सगळं करून ती झोप किती, तर दीड-दोन तास. ठोक्याने डोळा लागायचा, पण देह पुन्हा जागा करायचा. वेळ ती नव्हतीच. आवाजाने झोप येते, पण आवाज घड्याळ फिरवू शकत नाही.

व्हायचं ते झालं. यांना साच्यापुढे झोपलेलं जॉबरने पकडलं. एकदा समज देऊन सोडलं. दुसऱ्यांदा सापडले तेव्हा बाणा तुटलेला आणि साचा तसाच चाललेला, हातभर कापडात नुसता ताणा, आडवं सूत नाही. जॉबर म्हणाला, आणखी एकदा दिसलास तर घरी बसायचं. त्या गिरणीत बिघडलेलं कापड बिघडवणाऱ्याच्या गळ्यात मारायची पद्धत होती. ते घेऊन हे सकाळी घरी आले. बगलेत कोऱ्या, पांढऱ्या मिलच्या कापडाचा गुंडाळा. तो कोपऱ्यात ठेवला.

आत्याबाईंनी तो उलगडून बघितला आणि पुन्हा गुंडाळून धान्याच्या कोठीमागे ढकलला. मला ते पटलं नाही. कापड चांगलं होतं, एवढ्या पट्ट्यापलीकडे त्यात काही वाईट नव्हतं, आणि यांच्या अंगावरची चादर विरलेली. मी ते काढलं, दोन पाट शिवून चादर केली, विरळ पट्टा दुमडीत घातला, धुतलं आणि अंगणातल्या दोरीवर वाळत टाकलं. दुसऱ्या कुठल्याही वस्तीत ती नुसती चादर झाली असती.

आमच्या गल्लीत कापडाकडे नुसतं कोणी बघत नाही. पाण्याच्या रांगेतली पहिली बाई आली, तिने सवयीने कोर चिमटीत धरून बघितली. दुसरी आली. तिने दुमड उलटली. तिसरीने तो पट्टा उन्हापुढे धरला आणि त्यातून पलीकडचा कडुनिंब दिसला. यशोदाबाई म्हणाल्या, "झोपला होता का वं सदा?" कोणी चेष्टेने बोललं नाही. त्यांनी फक्त वाचलं. आपला माणूस कुठे झोपला, किती वेळ झोपला, दचकून कुठे उठला, हे सगळं त्या पट्ट्यात होतं, आणि मी ते स्वच्छ धुऊन दोरीवर टांगलं होतं. ओलीच चादर ओढून काढली आणि आत गेले. हे जागेच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "वाळू देयाची होती. ओली कोठी ठेवतं?"

त्या दुपारी मी चूल पेटवून बसले आणि गोविंदरावांना बघत राहिले. ते नुकते कुठे माणसात आले होते, ताण्यावरून हात फिरवत गुणगुणत होते. रात्र पडेपर्यंत त्यांचा रंग आणखी चढणार. त्यांच्या पुढ्यात कंदील ठेवला की पहाटेपर्यंत तीन धोटे चुकत नाहीत. आणि माझा नवरा, ज्याला पहाट हवी, तो रात्रभर साच्यापुढे उभा. कांड्या दोघांनाही मीच भरून देत आले होते. पहाटे एकाला, रात्री दुसऱ्याला. कोणाला केव्हा किती लागतात हे माझ्याएवढं कोणाला माहीत होतं? तरी मला ते दिसायला चादर वाळत घालावी लागली.

दिसलं तरी बोलायचं कसं, हा प्रश्न होता. भासऱ्यांशी भावजयीने बोलायचं नाही. पदर नाकापर्यंत, त्यांच्यासमोरून जायचं तर भिंतीकडून, काही हवं-नको तर आत्याबाईंच्या तोंडून. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आता साळखात्यातल्या साच्यांच्या गडगडाटाने त्यांना कमी ऐकू येतं, आणि घरात माझाच आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो, म्हणून मी दिवसातून दहादा त्यांच्या कानाशी ओरडते, "दादाजी, जेवाले चला." गल्लीत सगळ्यांना ऐकू जातं. कोणाला काही वाटत नाही. मला वाटतं.

दिवसा त्यांना ठोका ऐकू येत नाही, म्हणून झोप लागते असं नाही. पहिल्या दिवसापासून ते सकाळी आले की दगडासारखे पडतात. रातपाळी त्यांना जाचलीच नाही. दुसरे कामगार आपली रात्र त्यांना देऊ करतात, ते घेतात. त्यांचं बरं चाललं आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. फक्त इतवारीतला दुकानदार दर लग्नसराईत विचारतो, "करवतकाठी कोणी काढतं का आता तुमच्याकडे?" हे "नाही" म्हणतात आणि आत येऊन पाणी पितात. यांचं काम साधं, घट्ट, चोख. पण ते तीन धोट्यांचं काम यांच्या हातात नाही. गोविंदराव सुट्टीच्या दिवशी मागावर बसले तर बोटं वळत नाहीत म्हणून लवकरच उठतात. या घरातून एक काम निघून गेलं. ते जाताना वाट मी दाखवली होती.

तर त्या दुपारी मी बोलले. आत्याबाई ज्वारी निवडत होत्या, गोविंदराव खड्ड्यात पाय सोडून मागावर, आणि पडद्यापलीकडे हे पडलेले. मी आत्याबाईंपासून सुरुवात केली.

"आत्याबाई, भासऱ्यायले विचारा, गिरनीत जातीन का."

"कोन? गोविंदा?" त्या सुपावरून मान वर करून म्हणाल्या. "तुले ऊन लागलं का वं?"

"यायच्या जागी. बदली म्हून."

"उठन का तो सकाळी?"

"सकाळी उठाचं नाईच हाय. रात्री जागाचं हाय. ते तं ते रोजच जागते."

आत्याबाईंचा सुपातला हात थांबला. त्यांच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मग त्यांना दुसरं सुचलं. "लोक काय म्हनतीन? धाकट्याले झेपलं नाई म्हून थोरल्याले पाठवलं. आन् करवतीवाला मानूस मिलचे पोते विनन?"

माग थांबला होता. म्हणजे ते ऐकत होते. आत्याबाईंमार्फत बोलत राहिले तर संध्याकाळ होईल असं वाटलं, म्हणून मी पदर तसाच ठेवून मागाकडे तोंड केलं.

"दादाजी, तुमाले रात्री झोप येत नाई. यायले दिवसा येत नाई. दोघायचं उलटं करा, बस."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. गोविंदराव धोटा हातात धरून खाली बघत राहिले. माझ्याशी बोलले नाहीत. रीत मी मोडली होती, त्यांनी मोडली नाही. आत्याबाईंना म्हणाले, "माय, तिले विचार, सदा काय म्हनते."

"ते झोपले हायत," मी म्हणाले.

माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. दोन महिने हा माणूस दिवसा झोपत नाही म्हणून आम्ही गल्ली थांबवली होती, तुपाची वाटी झिजवली होती, आणि नेमकं हे विचारायच्या वेळी तो झोपलेला असावा अशी मी सोय लावून घेतली. तो झोपलेला नाही हे त्या घरात सर्वांत जास्त मला माहीत होतं. पडद्याखालून पाय दिसत होते. अंगठा हलत होता.

हे उठले, पडदा बाजूला केला, माठातलं पाणी घेतलं, सगळा तांब्या प्यायले. भावाला म्हणाले, "दादा, जॉबरशी मी बोलतो. आजची रात्र मी भरतो, उद्यापासून तू. पन तुह्या करवतीचं कसं?"

"करवत जाते का गा कोठी पळून? सुट्टीच्या दिशी विनीन." गोविंदरावांनी धोटा फेकला आणि माग पुन्हा सुरू केला.

माझ्याजवळून जाताना हे थांबले. आवाज चढवला नाही. "मले विचाराचं होतं तं उठवाचं होतं," एवढंच म्हणाले.

मी चुलीत फुंकत बसले. लाकूड पेटलेलंच होतं. विचारलं असतं तर त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं, मला होत नाही. ते म्हणायला लागू नये म्हणून मी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं तेही असेल. पण जे त्यांनी स्वतः सोडायचं ते मी त्यांच्या हातून काढून घेतलं, हेही तितकंच खरं. मी त्यांची लाज राखली की घालवली, याचा निकाल अजून लागलेला नाही. यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि आमच्या घरात न काढलेले विषय तसेच राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाळीवरून आले, जॉबर हो म्हणाला एवढं सांगितलं, आडवे झालेच नाहीत. आपल्या मागावरचं जुनं धोतर ओढून काढलं, झटकलं, खड्ड्यात उतरले. गोविंदराव गाढ झोपले होते, आणि पहिल्यांदाच त्यांना कोणी हाक मारली नाही. मी यांची गिरणीत घालायची खाकी अर्धी पँट धुतलेली होती ती घेतली. गोविंदराव यांच्यापेक्षा उंच, दुमड सोडावी लागणार होती. ते काम आतही झालं असतं. मी सुई-दोरा घेऊन ओट्यावर बसले, नळाकडे तोंड करून. पाण्याची रांग लागलीच होती.

यशोदाबाईंनी घागर खाली ठेवली. "कोनाची वं ती?"

"भासऱ्यायची. आजपासून रातपाळीले तेच जानार."

"आन् सदा?"

"यायले नाई झेपलं," मी म्हणाले. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

कोणी हसलं नाही. यशोदाबाईंनी घागर नळाखाली सरकवली. मी एका पायाची दुमड उसवून वीत लावून बघितली, सुई दातांत धरली, आणि दुसरा पाय उसवायला घेतला.